चेंडू भिंतीपलीकडे गेला

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मी मुका.

डॉक्टरीणबाईंनी गळ्यातली गाठ काढली आणि बाटलीत घालून मला दाखवली. वाटाण्याएवढी! सभा उधळायला आलेल्या गुंडांना जे जमलं नाही, ते या वाटाण्याने करून दाखवलं. "साधी गाठ आहे, काळजी नको," त्या म्हणाल्या, "पण पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही." मी काही विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी सरळ माझ्या तोंडावर हात ठेवला. आजवर एकाही अधिकाऱ्याची ही छाती झाली नव्हती.

घरी आलो. हिने शिवणयंत्र थांबवलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाटी-खडू पुढे केला. पाटी आधीच आणून ठेवलेली होती. "अन्यायाविरुद्ध उठणारा आवाज क्षणभर थांबला, तरी" एवढं लिहून होतं न होतं तोच "कळलं, कळलं" म्हणत तिने पाटी पुसली. मग म्हणते, "घरातलं घड्याळ टिकटिक करतं, हे आज पहिल्यांदा कळलं बघा."

बोलता येत नाही तर लिहीन. उद्याच्या इतिहासकाराला उपयोग होईल, म्हणून मुद्दा पहिल्यापासून मांडतो.

आमची वसाहत आणि काच कारखान्याच्या कामगारांची सोसायटी यांच्यामधून एक पायवाट जात होती. त्या वाटेने दवाखाना हाकेच्या अंतरावर. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्यांनी तिच्यावर भिंत घातली. दोन पुरुष उंच आणि जाडी अशी, की किल्ल्याला शोभावी. कारण काय, तर चोऱ्या होतात! चोर अडवायला एवढी जाडी कशाला लागते, याचं उत्तर मला आजवर कुणीही दिलेलं नाही. माणसाच्या वाटेवर भिंत घालणं हा मी माणुसकीवरचा हल्ला मानतो. म्हणून दर रविवारी दुपारी गच्चीवर उभा राहून, भोंग्याचं तोंड भिंतीकडे करून मी बोलतो. भिंत नव्हती तेव्हा पाण्यावर बोलत असे, रस्त्यावरच्या दिव्यांवर बोलत असे. भोंग्याची दिशा तीच. पलीकडच्यांची अवस्था काय वर्णावी! भर दुपारी खिडक्या बंद, पडदे ओढलेले. रात्रभर भट्टीपुढे राबणारी ही माणसं, त्यांच्या हक्कांसाठीसुद्धा मी घसा फोडतो. पण सत्याला सामोरं जायची हिंमत नाही.

या भिंतीचा खरा मार बसतो तो अक्काला. अक्का माझी थोरली बहीण, आमच्याकडेच असते. तिची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला दवाखान्यात जाऊन यंत्राला लावून रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. पूर्वी ती चालत जायची. आता हमरस्त्याने, कारखान्याच्या ट्रकांमधून, रिक्षात आदळत वळसा घालून जाते.

५ फेब्रुवारी, बुधवार

काही नाही. गप्प होतो. हे वाक्य माझ्या दैनंदिनीत यापूर्वी कधी आलेलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

हिच्याकडे लग्नाचे ब्लाउज शिवायला आले आहेत, म्हणून अक्काबरोबर मी गेलो. आजवर कधी गेलो नव्हतो, लढा सांभाळायचा होता. जाताना दोन ट्रकांच्या मध्ये रिक्षा अडकली. येताना अक्काला उलटी झाली. रिक्षावाल्याने गाडी कडेला घेतली आणि दुसरीकडे तोंड करून उभा राहिला, सवयीचं असावं.

वॉर्डात अक्काच्या शेजारच्या खाटेवर एक आजीबाई असतात. पलीकडच्या सोसायटीतल्या! तिथल्या सचिवाची सासू! मी तोंड फिरवून बसलो. अक्काचं मात्र त्यांच्याशी गुळपीठ. दोघी माझ्याकडे पाहून हसत होत्या. आजारी माणसांना करमणूक हवी, म्हणून मी सोडून दिलं.

यंत्राला लावलं की अक्काचा डावा हात हलवायचा नसतो. उजव्या हाताने तिने उशीखालून एक वस्तू काढली. फुटपाथवर खेळणी विकतात, तिथलं स्वस्तातलं प्लास्टिकचं डबडं. त्यावर काडेपेटीएवढा पडदा. खाली एक फळी, वर विटांची भिंत, मध्ये एक ठिपका, त्याला चेंडू म्हणायचं. फळी डावी-उजवीकडे सरकवून चेंडू वर उडवायचा, तो एक वीट फोडतो आणि परत येतो. झेलता आला नाही की मेलात. बस्स. जगातल्या क्रांत्यांचे इतिहास ज्या घरातल्या कपाटात रांगेने उभे आहेत, त्या घरातली बाई हे खेळते!

पाटीवर लिहिलं, "बुद्धीचा अपमान."

अक्का म्हणाली, "भोंग्या, दोन वर्षं भिंतीवर बोलतोयस. एक तरी वीट पाडलीस का? घे, इथे तरी पाड."

(भोंग्या हे माझं पाळण्यातलं नाव. रडायला लागलो की गल्ली जागी व्हायची म्हणे.)

एका डावात तीन चेंडू मिळतात. तीनही मी क्षणात घालवले. आजीबाई हसून हसून खोकल्या, नर्सला यावं लागलं.

९ फेब्रुवारी, रविवार

भाषणाशिवाय पहिला रविवार. माइकवाला नेहमीसारखा आला, पण भोंगा लावायच्या ऐवजी खांद्यावर टाकून घेऊन निघाला. पाटीवर विचारलं, तर म्हणाला, "अक्कांनी दुरुस्तीला न्यायला सांगितलाय. आवाज फाटतो म्हणे त्याचा." तोही माझ्यासारखाच! डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी अक्का गच्चीवर ऊन खात बसली होती. भिंतीकडे पाहत म्हणाली, "मार्च उजाडला की मी थांबणार आहे. तुझ्या बायकोला सांगितलंय, तुलाही सांगते."

काय थांबणार, ते कळायला मला वेळ लागला.

"यंत्राचा कंटाळा नाही रे," ती म्हणाली. "तिथे मी बरी असते. हा रस्ता सोसवत नाही. जीव वाचवायला जायचं आणि वाटेतच निम्मा सांडायचा. पुरे झालं."

मी पाटीवर लिहीत राहिलो. जगण्याच्या हक्कावर मी ज्या सभा गाजवल्या आहेत, त्यांतली उत्तमोत्तम वाक्यं मला पाठ आहेत. पण पाटी लहान. शेवटी सगळं पुसून "नको" एवढंच लिहिलं.

"बघू," अक्का म्हणाली आणि डबडं माझ्या हातात ठेवलं. "कोपऱ्यात माझा सगळ्यात मोठा आकडा आहे, तो मोडून दाखव. बडबड बंद आहे तोवर काहीतरी कर."

१२ फेब्रुवारी, बुधवार

हे मी फक्त डोळे आणि हात यांच्यातला ताळमेळ तपासण्यासाठी खेळतो आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

भिंतीच्या मध्यावर मारा करायचा, हे माझं धोरण. शत्रूच्या वर्मावर घाव! पण मधल्या विटा फुटल्या की चेंडू सरळ खाली येतो, वेग वाढवून येतो, आणि मला गाठतो. ही म्हणाली, "जेवायला या." मी बोट वर केलं. तिने ताट झाकून ठेवलं आणि गुणगुणत निघून गेली. ही गुणगुणते, हे मला माहीत नव्हतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. अक्का हट्टाने बरोबर आली, "तुझ्या वतीने मी बोलते" म्हणून. बाईंनी घशात आरसा घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "वा, छान भरलंय." मला बाहेर बसायला सांगून अक्का आतच थांबली. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. बाहेर आली ती गंभीर चेहऱ्याने.

"आणखी तीन आठवडे, भोंग्या."

मी घशाकडे बोट दाखवलं. छान भरलंय म्हणाल्या ना!

"वरून छान दिसतं रे. आतून कच्चं आहे."

आज पहिल्यांदा भीती वाटली. आवाज परत आलाच नाही तर? आवाज गेलेला वक्ता म्हणजे कोण? लोक मला ओळखतात ते आवाजाने. चेहरा कितीजणांना आठवत असेल? संध्याकाळी गच्चीवर जाऊन भिंतीपुढे तोंड उघडून उभा राहिलो. काहीच बोललो नाही. पलीकडे एका खिडकीचा पडदा बाजूला सरला. एक बाई वाळत घातलेले कपडे काढत होती. तिने माझ्याकडे पाहून हात हलवला! दोन वर्षांत पहिल्यांदाच. दुरून ओळखलं नसावं.

२३ फेब्रुवारी, रविवार

विजय! महाविजय!

आज चुकून, हो, चुकूनच, चेंडू भिंतीच्या अगदी कडेला लागत राहिला. कडेची एक वीट गेली, तिच्यावरची गेली, तिच्याही वरची गेली, आणि तिथे अरुंद बोळ पडला. चेंडू त्या बोळातून वर गेला आणि भिंतीच्या मागे पोचला. मग काय! भिंत आणि छत यांच्यामध्ये तो स्वतःच आपटत राहिला, खाली यायचं नावच नाही. वरून, मागून, पटापट विटा पडताहेत, आणि मी फळी धरून नुसता बसलो आहे. काहीही न करता अर्धी भिंत साफ!

उठलो तो खुर्ची पडली. अक्कापुढे पाटी नाचवली: "भिंत पलीकडून फोडायची असते!!"

अक्का भाजी निवडत होती. तिने पाटी वाचली, हिच्याकडे पाहिलं, हिने अक्काकडे पाहिलं.

"अगं बाई," अक्का म्हणाली. "तुला कसं रे सुचलं?"

मी डबड्याकडे बोट दाखवलं. आजवरची माझी चूक दिव्यासारखी स्वच्छ दिसली. मी अलीकडून ठोकत होतो. पलीकडे आपली माणसं हवीत! पलीकडच्यांशी बोललं पाहिजे! हा विचार दोन वर्षांत आपल्या वसाहतीत एकाच्याही डोक्यात आला नाही, याचं नवल वाटतं. पुढच्या रविवारी त्यांच्या सोसायटीची सभा आहे, असं अक्का म्हणाली. (तिला कुठून कळलं कोण जाणे.) मी जाणार.

"जा," अक्का म्हणाली. "पण पाटी घेऊन जा. आणि खडू एकच ने."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

हे लिहिताना हात जड होतो आहे.

सकाळपासून माझा हात असा चालला होता, की अक्काचा आकडा टप्प्यात आला. वर कोपऱ्यात तिचा आकडा, खाली माझा. अंतर घटत चाललेलं. एवढ्यात पडदा फिका पडू लागला. विटा दिसेनात. मी धावत जाऊन भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढले, जुने उपसून हे बसवले. डबडं पुन्हा सुरू झालं आणि कोपऱ्यात शून्य! अक्काचा आकडा गेला. सेल काढले की ते सगळं विसरतं. स्वस्त वस्तू, तिला कसली आठवण!

कितीतरी महिने यंत्राला बांधलेल्या हाताशेजारी दुसऱ्या हाताने तिने तो आकडा चढवत नेला होता. आणि उद्यापासून मार्च.

अक्का दवाखान्यातून आली तसं डबडं तिच्यापुढे धरलं. तिने पाहिलं.

मग म्हणाली, "घालवलास ना माझा आकडा? गाढवा."

मी मान खाली घातली.

"आता परत पहिल्यापासून आलं," ती म्हणाली. "शून्यावर थांबू होय मी? लोक काय म्हणतील? आण इकडे. सोमवारी नेते."

ती सोमवार म्हणाली! सोमवार मार्चातला आहे. तिच्या ते लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन तांब्याभर पाणी प्यालो. हिने विचारलं, "घड्याळ का बंद पडलंय?" उत्तर द्यायला पाटी जवळ नव्हती, हे बरं झालं.

२ मार्च, रविवार

पलीकडे गेलो. हमरस्त्याने, चालत. ट्रकची धूळ खात. अक्का हे आठवड्यातून तीनदा कसं करते!

विचित्र माणसं आहेत. भर दुपारी सगळी हलक्या पावलांनी चालतात, हळू बोलतात. जिन्यात एका पोराच्या हातून डबा पडला, तर चारजण "शूऽऽ" करून धावले. फार दबलेला समाज. मला त्यांची कणव आली.

सचिवाने दार उघडलं. डोळे तांबारलेले, रात्रपाळी करून आलेला. मला पाहून त्याचा चेहरा पडला. "तुम्ही... भाषण करणार?"

मी गळ्याकडे बोट दाखवून मान हलवली.

"अजून किती दिवस मनाई आहे?"

खरं तेच लिहिलं: "कदाचित कायमची."

"काय सांगता!" तो म्हणाला, आणि ताबडतोब आत वळून, "अगं, चहा टाक! साखर जास्त टाक!" दुःखी माणसाशी असं वागणं फार थोड्यांना साधतं. माझं त्याच्याविषयीचं मत बदललं.

त्याच्या खोलीत कपाटावर एक भोंगा ठेवलेला होता. हुबेहूब आमच्यासारखा. तसाच लाल पट्टा, कडेला तसाच पोचा. त्यांनीही भोंगा घेतला तर! विचार असेच पसरतात. पोचासुद्धा जुळावा, म्हणजे एकाच कारखान्यातला सदोष माल असणार.

सभेत मला उभं केलं. पन्नासएक माणसं, जांभया देणारी. माझ्या मनात समता, स्वातंत्र्य, इतिहासाचा न्याय, सगळं उसळत होतं. पण पाटी लहान आणि खडू एकच. तोही जिन्यात पडून तुकडा उरलेला. मी लिहिलं:

"माझी बहीण. आठवड्यातून तीनदा. रस्ता सोसत नाही. थांबते म्हणते."

पाटी फिरवून सगळ्यांना दाखवली. जांभया थांबल्या. माझ्या भाषणांनंतर टाळ्या असतात. ही शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मागून वॉर्डातल्या त्या आजीबाई उठल्या. "मी काय सांगत होते तुम्हाला? ऐकलंत ना आता?" मग माझ्याकडे वळून, "बस हो भोंग्या, दमला असशील."

हे नाव त्यांना कुठून कळलं, विचारायचं राहूनच गेलं.

५ मार्च, बुधवार

पलीकडच्यांनी ठराव केला! भिंतीत दरवाजा काढायचा, दिवसा कधी कुलूप लावायचं नाही. सचिव स्वतः सांगायला आला. एकच अट आहे: "दरवाज्याच्या आसपास शांतता राखली जाईल." अगदीच किरकोळ. मी तिथल्या तिथे सही ठोकली. शांततेचा भंग मी कधी केला आहे?

सही करताना अक्काने सचिवाला विचारलं, "आणि ती वस्तू?"

"असू दे आमच्याकडेच," तो म्हणाला. "आठवण म्हणून."

कुठली वस्तू? बायकांचं काहीतरी देणंघेणं असेल.

दरवाजा भिंतीच्या टोकाशी काढावा, असा मी पाटीवर आग्रह धरला. मध्यावर घाव घालण्यातला धोका मला आता ठाऊक आहे. गवंडी म्हणाला, "साहेब, वाट टोकालाच आहे. दुसरीकडे कुठे काढणार?" व्यूहरचना पटली की माणसं ती आपलीच म्हणून सांगतात. मी वाद घातला नाही.

१० मार्च, सोमवार

आजचा दिवस सोन्याचा!

सकाळी अक्का म्हणाली, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजपासून बोल. पण थोडं हं. दोन शब्दांपासून सुरुवात."

भिंतीपाशी दोन्हीकडची माणसं जमली होती. गवंड्याने शेवटच्या विटा ओढल्या, धूळ उडाली, आणि पलीकडचं ऊन आमच्या बाजूला येऊन पडलं. दरवाज्यावर दिवा लावला आहे, आणि त्या दिव्याला टोपी म्हणून पलीकडच्यांनी आपला तो भोंगा उलटा बसवला आहे. लाल पट्टा उजळून दिसतो. वाणीचा प्रकाश! या सन्मानाची मी अपेक्षा केली नव्हती.

माइकवाल्याने विचारलं, "बोलणार ना?" मी हात वर केला. पलीकडच्या गर्दीत चुळबूळ झाली. सचिवाने डोळे मिटले. एका बाईने कडेवरच्या पोराचे कान झाकले. केवढी ही उत्कंठा!

दोन वर्षं मनात घोळवलेलं भाषण जिभेच्या टोकावर होतं. समोर अक्का उभी होती. हातात पिशवी, पिशवीत डबडं. ती वर बघत नव्हती, दरवाज्यातून पलीकडे दिसणाऱ्या वाटेकडे बघत होती. माझ्या घशात काहीतरी आलं. गाठ नव्हे, ती बाटलीत आहे. आवाज फुटला तो घोगरा, अनोळखी.

"अक्का, चल."

एवढंच.

टाळ्या! अशा टाळ्या मला जन्मात पडल्या नव्हत्या. पलीकडचे तर शिट्ट्या मारत होते, सचिवाने मला मिठी मारली, आणि वर सगळ्या मजल्यांवर, एकजात सगळ्या, खिडक्या उघड्या होत्या. मी आजवर हजारो शब्द बोललो असेन. आज दोन शब्दांनी भिंत जिंकली.

अक्का माझ्या हाताला धरून त्या दारातून गेली. मध्ये एकदा दम खायला थांबली, कठड्यावर बसली, म्हणाली, "इथे पूर्वी पण बसायचे मी." मग उठली. दवाखान्यात पोचली तेव्हा तोंडावर धूळ नव्हती, साडी चुरगळलेली नव्हती. नर्सने विचारलं, "बुधवारची नेहमीचीच वेळ धरू ना?"

"धर की," अक्का म्हणाली. "आता काय, दारातच आहे."

मी पाठ करून खिडकीतून बाहेर पाहत राहिलो. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

यंत्र सुरू झाल्यावर तिने डबडं काढलं. मी शेजारी स्टुलावर, पलीकडच्या खाटेवरून आजीबाई मान उंचावून. अक्काने कडेच्या विटा पाडल्या, एक, मग तिच्यावरची, मग तिच्याही वरची. बोळ पडला. चेंडू वर गेला. मी सवयीने "डावीकडे! डावीकडे घे!" म्हणायला तोंड उघडलं.

"गप," अक्का म्हणाली. "आता त्याचं तो बघतो. आपण नुसतं धरून बसायचं."

तिघंही पाहत बसलो. विटा पडत राहिल्या.

येताना दारातून चालत चालत मी विचारलं, रविवारी पुन्हा सुरू करू का? विषय पुष्कळ साचले आहेत. अक्का थांबली, दिव्यावरच्या त्या भोंग्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कर की. पण आधी माझा आकडा मोड. मोडलास की पाहिजे तेवढा बोल, मी नाही अडवणार."

तिचा आकडा दर खेपेला वाढतो आहे. आज तो मी घालवला होता त्याच्याही पुढे गेला.

आव्हान मी स्वीकारलं आहे. बुधवारी माझी पाळी.